गोष्ट ऐकायला तासभर, वाचायला एक ओळ नको – काय करू?

मांजलपूरकरीण
नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक साडेसहा वर्षांचा, पहिलीत. शाळा इंग्लिश मीडियम, गुजराती एक विषय. घरी मराठी, म्हणजे आपली बडोद्याची मराठी, "आई, बारी बंद कर, पाणी ढोळलं" टाइप (बारी म्हणजे खिडकी, ढोळलं म्हणजे सांडलं) :)

दीड वर्षाचा असल्यापासून मी त्याला रोज रात्री वाचून दाखवते. ऐकायला एकदम वेडा. एकच गोष्ट चाळीस वेळा ऐकली तरी चालते, आणि मी कंटाळून एक वाक्य गाळलं तर लगेच पकडतो, "आई, ते कोल्हा पाणी प्यायला गेला ते राहिलं". पण स्वतः वाच म्हटलं की पोटात दुखतं, तहान लागते, डास चावतो.

आता खरा घोळ. मागच्या पेरेंट मीटिंगला शाळेतल्या बेन (म्हणजे बाई) म्हणाल्या की तुम्ही वाचून दाखवता म्हणूनच तो आळशी झालाय, आयतं मिळतं तर कष्ट कोण करणार, बंद करा, आपोआप वाचेल. मी बंद केलं. आज बरोबर तीन आठवडे झाले. आपोआप काहीही झालेलं नाही. उलट आता तो गोष्ट सांग म्हणून मागत पण नाही, जेवला की बाबांच्या फोनवर क्रिकेट बघत पडतो. काल रात्री मी स्वतःहून पुस्तक काढलं तर म्हणाला, "तू वाचशील की मला वाचायला लावशील?" ते ऐकून मला कसंतरीच झालं हो.

परत सुरू करू का? की बेनचं बरोबर आहे आणि अजून थोडा दम धरू? आणि दुसरं, आधी कुठल्या भाषेत वाचायला शिकवायचं, कारण इंग्लिश, गुजराती आणि मराठी असं तीन बाजूंनी खेचाखेच चालू आहे आणि सासूबाईंचं म्हणणं मराठी आलंच पाहिजे (बरोबरच आहे, पण रोज जेवताना ऐकायला लागतं).

लीलोचिवडो
मी पयला! पूर्ण वाचून मग लिहितो. तोवर चहा.

शिरोरेखा
आज रात्रीपासून वाचून दाखवायला लागा. बाकीचं नंतर बोलू.

(बोलतेच.) मी ३१ वर्षं बालवाडी आणि पहिली-दुसरी शिकवली, दांडिया बाजारच्या बाजूला, मराठी माध्यम होतं तेव्हा. हा "आयतं मिळतं" वाला सल्ला मी पण माझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पालकांना दिलेला आहे, त्यामुळे त्या बेनवर चिडत नाही. पण तो सल्ला चुकीचा आहे.

अहो, मुलाचा कान डोळ्याच्या कितीतरी पुढे असतो. सहा वर्षांच्या मुलाला जी गोष्ट ऐकून कळते, रंगते, ती स्वतः वाचता यायला त्याला आठ-नऊ वर्षांचं व्हावं लागतं. मधली दोन-तीन वर्षं त्याला स्वतःला काय वाचता येतं? "कमल, घर चल. छगन, नळ बघ." कोल्हा, राजा, राक्षस ऐकलेल्या पोराला तुम्ही म्हणता आता फक्त छगनचा नळ बघ. कोण बघेल? वाचून दाखवणं बंद केलं की त्याच्या हातात फक्त नळ उरतो. वाचन म्हणजे हेच असं त्याच्या डोक्यात बसलं तर ते काढायला फार वेळ जातो.

आणि आपल्या लिपीचं ओझं पण बघा जरा. इंग्रजीत लहान-मोठी धरून ५२ आकार. आपल्याकडे चौतीस-पस्तीस व्यंजनं गुणिले बाराखडीचे १२, म्हणजे चारशेच्या वर आकार झाले, वर जोडाक्षरं वेगळी. नियम सरळ आहेत, एकदा बसलं की स्पेलिंगची कटकट नाही, पण बसायला वेळ लागतो. साडेसहा म्हणजे काहीच नाही हो.

एक मात्र करा. गोष्ट वाचताना मध्येच थांबून "हे काय लिहिलंय सांग बरं?" असं विचारू नका. तुमच्या लेकानं जो प्रश्न विचारला ना काल रात्री, तो त्या भीतीतून आला आहे. त्याला शब्द द्या की मी फक्त वाचणार, तुला काही विचारणार नाही. आणि तो शब्द पाळा, अगदी हात शिवशिवले तरी.

बारीतून
शिरोरेखाताई +१. "छगन, नळ बघ" वाचून शाळेत गेल्यासारखं वाटलं. आणि ताई, तुमचा आयडी इथे बडोद्यात फारच शोभतो, अर्ध्या गावाच्या गुजराती लिपीला शिरोरेखाच नाही =))

कोठीपोळ
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

मला दोन मुलं. घर एक, आई एक, पुस्तकांचं कपाट एक, दोघांना सारखंच वाचून दाखवलं. थोरली अधाशासारखी वाचते, संडासात पण पुस्तक. धाकट्यानं अभ्यासक्रमाबाहेरचं एकही पुस्तक वाचलेलं नाही, आज १९ वर्षांचा आहे, स्कूटरचं इंजिन उघडून परत बसवतो आणि मजेत आहे. तर ही "गोडी लावायची" भानगड काय आहे? गोडी लागते किंवा नाही लागत. आपल्या पिढीला वाटतं पुस्तक वाचणारं पोर म्हणजे चांगलं पोर, त्यात आपलीच हौस जास्त.

आमचे वडील ऑफिसातून आले की पुस्तक उघडून बसायचे. त्या वेळात घरात कोणी खोकायचं पण नाही. कपाटाला कुलूप, किल्ली जानव्याला. मला चाळिशीपर्यंत पुस्तक म्हटलं की ती किल्ली आठवायची.

शिरोरेखा
@कोठीपोळ, तुम्ही स्वतःच कारण लिहिलंत की शेवटच्या दोन ओळींत.

आणि धाकटा मॅन्युअल वाचतो का हो इंजिनचं?

कोठीपोळ
…वाचतो. पीडीएफ. इंग्रजीत. दोनशे पानी.

बरं, हा पॉइंट तुमचा.

लीलोचिवडो
जानव्याला किल्ली =)) =)) आमच्या आजोबांच्या जानव्याला फरसाणाच्या डब्याची होती. त्यामुळे मला फरसाणाची अतोनात गोडी लागली. यावरून पुस्तकाचं कपाट कुलपात ठेवावं की नाही ते तुम्ही ठरवा.

गणितवाला
आमचा प्रयोग सांगतो, फसलेला आहे म्हणून उपयोगाचा. मुलीला सांगितलं एक पुस्तक वाचलं की १० रुपये. पहिल्या आठवड्यात १२ पुस्तकं. मी खूश, ऑफिसात सांगत सुटलो. मग लक्षात आलं की ती कपाटातली सगळ्यात पातळ, चार वर्षांच्या मुलांची, पानाला एक ओळवाली पुस्तकं काढून वाचतेय. मग मी नियम बदलला, पानाला ५० पैसे. तर ती मोठ्या टायपातली पुस्तकं शोधायला लागली. मग मी शब्दांवर आणणार होतो पण बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं त्यानंतर स्कीम बंद केली. आणि स्कीम बंद झाल्याबरोबर वाचन पण बंद, सहा महिने हात नाही लावला, म्हणे "आता त्याचे पैसे मिळत नाहीत ना".

हिशेबात पोरगी पक्की झाली एवढा फायदा.

सूरसागरकाठी
धागा आवडला. साडेसहा वर्षांच्या मुलासाठी एवढी काळजी करताय तर एक आठवण करून देतो, आपले सयाजीराव महाराज. १८६३ चा जन्म, नाशिककडच्या कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ मध्ये दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसवले तेव्हा बारा वर्षांचं वय आणि अक्षरओळख जवळजवळ नाही. बारा! तिथून मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी असं सगळं एकदम सुरू झालं. तुमच्यासारखीच खेचाखेच, फक्त एक भाषा जास्त. आणि त्याच माणसानं १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आधी १८९३ मध्ये अमरेलीकडे करून बघितलं होतं.

पुढे १९१० मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि लायब्रऱ्यांचं जाळं विणलं. खेडोपाडी लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून पाठवायचे, वाचून झाली की पेटी परत, दुसरी पेटी हजर. फिरतं वाचनालय. आणि मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांसाठी वेगळी खोली होती, पुस्तकांबरोबर खेळणी पण. शंभर वर्षांपूर्वी कोणाच्या तरी डोक्यात आलं होतं की मुलाला आधी त्या जागेत रमू द्या, पुस्तक मग हातात येईल.

मला आजोबा न्यायचे तिथे, बोट धरून. वाचायला यायचं नाही तेव्हापासून. पुस्तकांच्या मांडण्या लोखंडी, मजल्यावर मजले, आणि मधली जमीन जाड काचेची. आजोबांच्या ओळखीनं एकदा आत गेलो तर वरच्या मजल्यावर कोणीतरी चालत होतं आणि त्याच्या चपलांची सावली माझ्या डोक्यावरून सरकत गेली. मला वाटलं भूत. पुढचे कित्येक रविवार मी त्या भुतासाठी हट्ट करून गेलो. भूत परत दिसलं नाही, पुस्तकं हाताला लागली. त्यामुळे ताई, त्याला एकदा तिथे घेऊन जा आणि वाच म्हणू नका. नुसतं फिरवा.

मांजलपूरकरीण
बाप रे, इतके प्रतिसाद! सूरसागरकाठी काका, मी बडोद्यातच जन्मले आणि आत कधी गेलेच नाही, बाहेरून शंभर वेळा गेले असेन खंडेराव मार्केटला जाता-येता. लाज वाटली.

शिरोरेखाताई, काल रात्री वाचलं. त्याला सांगितलं काही विचारणार नाही. तो आधी लांब पलंगाच्या टोकाला बसला, संशयानं. तिसऱ्या पानाला मांडीवर.

चष्मिष्ट
एक साधी गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. डोळे तपासले का? माझा भाचा वाचायला बसला की पाच मिनिटांत डोकं दुखतं म्हणायचा आणि सगळं घर त्याला नाटकी म्हणत होतं, मी पण. दूरचं चांगलं दिसायचं म्हणून कोणाला शंका आली नाही. त्याला प्लसचा नंबर निघाला, जवळचं बघताना ताण यायचा. चष्मा लागल्यावर लगेच पुस्तकी किडा झाला असं नाही सांगणार, पण नाटकं बंद झाली. तुमचा मुलगा पण पोटात दुखतं वगैरे म्हणतोय, एकदा दाखवून घ्या.

पाटीपेन्सिल
वरच्यात थोडी भर. मी मुलांच्या वाचन-लेखनाच्या अडचणींवर काम करते. साडेसहाला वाचत नाही यात काळजीचं काही नाही. पण सातआठ वर्षांचं होऊनही रोज बघितलेलं अक्षर रोज नवीन वाटत असेल, यमक जुळवता येत नसेल, बोलायला हुशार आणि कागदावर शून्य असं दिसत असेल, तर "आळशी" हा शब्द वापरायच्या आधी तपासणी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अध्ययन अक्षमता आलेली आहे, परीक्षेत सवलती मिळतात. धागाकर्तीच्या मुलाबद्दल हे वाटत नाही, जो गाळलेलं वाक्य पकडतो त्याचा कान मस्त आहे. पण धागा वाचणाऱ्या बाकी आईबाबांसाठी लिहून ठेवते.

न्यूजर्सीची बडोदेकर
इथे एडिसनला बसून हा धागा वाचतेय आणि लीलो चिवडा आठवून जीव कासावीस झालाय, तो आयडी बदला कोणीतरी.

आमच्याकडे प्रॉब्लेम उलटा. लायब्ररीतून वीस-वीस पुस्तकं एकदम मिळतात, पोरगी फडाफड वाचते, सगळं इंग्लिश. मराठी ऐकते, समजते, उत्तर इंग्लिशमध्ये. मराठीतली अक्षरं म्हणजे तिला दोरीवर वाळत घातलेले कपडे वाटतात, असं ती स्वतः म्हणाली. मी खूप रागावले, मग वाटलं उपमा तर भारी आहे.

आम्ही काय केलं, प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर म्हणून साइट आहे, २०१५ पासून, सगळं फुकट, तिथे एकच गोष्ट इंग्लिश, मराठी, गुजराती अशा वेगवेगळ्या भाषांत मिळते, सोप्या-अवघड पायऱ्या पण लावलेल्या आहेत. आम्ही आधी इंग्लिश वाचतो, गोष्ट माहीत झाली की तीच मराठीत. मग ती अंदाज बांधत बांधत ओढते. चुकते, पण ओढते. आणि ते बॉर्डन न्यू हेवनचे, आमच्यापासून गाडीनं दोन तासांवर, हे वाचून उगीचच भरून आलं.

बारीतून
वाळत घातलेले कपडे!! आता मला पण देवनागरीत फक्त चड्ड्या-बनियनच दिसायला लागले.

कोठीपोळ
स्क्रीनवर वाचायचं तर मग फोन बंद करण्यात काय अर्थ राहिला?

न्यूजर्सीची बडोदेकर
@कोठीपोळ, मांडीवर घेऊन दोघांनी मिळून बघायचं, हातात देऊन किचनमध्ये निघून जायचं नाही, एवढाच फरक. प्रिंट पण काढता येतात. आम्ही प्रिंट काढून स्टेपल करतो, ती त्यावर रंगवते.

रावपुरा_रिटर्न
हे सगळं ठीक आहे, पण बडोद्यात मराठी मुलांची पुस्तकं मिळतात कुठे? पूर्वी कोणी पुण्या-मुंबईला गेलं की यादी द्यायचो, दिवाळी अंक पण तसेच यायचे, एक अंक आठ घरं फिरून परत यायचा तेव्हा त्याचं मुखपृष्ठ गेलेलं असायचं आणि शब्दकोडं कोणीतरी पेननं सोडवलेलं. सोडवणारा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही पण अक्षरावरून माझा एका काकूंवर संशय आहे.

सूरसागरकाठी
@रावपुरा_रिटर्न, ऑनलाइन मागवता येतात आता. आणि "किशोर" मासिक, बालभारतीचं, १९७१ मध्ये सुरू झालं, त्याचे जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट ठेवलेले आहेत. चित्रं बघण्यासारखी आहेत. सहा वर्षांच्याला वाचायला जड, वाचून दाखवायला उत्तम.

लीलोचिवडो
शब्दकोडं सोडवणाऱ्या काकू या धाग्यावर असतील तर त्यांनी कृपया हात वर करावा.

गुजू_सून
जय श्री कृष्ण सगळ्यांना. मी गुजराती आहे, लग्न करून मराठी घरात आली, मराठी लिहायला चुकते, हसू नका. हसला तरी चालेल ने.

मांजलपूरबेन, तुमचा दुसरा प्रश्न कोणी उत्तर नाही दिला, भाषा कोणती. आमच्या घरात पण आठ महिने हाच झगडा होता. सासूबाई म्हणे मराठी, मी म्हणे गुजराती, मिस्टर म्हणे इंग्लिश. मग आम्ही झगडा बंद केला, ज्याची जी भाषा त्याने ती वाचायची. आजी मराठी वाचते, मी गुजराती वाचते, पप्पा इंग्लिश वाचतात (पप्पा लवकर झोपून जातात). बेबीला काही कन्फ्यूजन नाही होत. कन्फ्यूजन मोठ्यांना होते.

आमच्याकडे गिजुभाई बधेका होऊन गेले, वकील होते, ते सोडून मुलांचे शिक्षक झाले, भावनगरला दक्षिणामूर्तीमध्ये १९२० मध्ये बालमंदिर काढला. लोक त्यांना मूछाळी मा म्हणत, म्हणजे मिशीवाली आई. किती सरस नाव आहे. ते मुलांना आधी गोष्ट सांगायचे, खूप खूप गोष्टी, भणवायचं (शिकवायचं) मग. म्हणून तुम्ही वाचून दाखवायचं बंद करू नका ने.

आणि अक्षराचं एक सांगते. आमच्या इकडे कक्को क-ख पासून नाही चालू करत आता, न म ग ज पासून करतात. तुमच्यात पण ग म भ न आहे ने? त्यात ग, म, न दोन्हीत एकच आहे, फक्त वरची लाइन काढून टाकायची. प, त, र, स पण. म्हणजे एक शिकला तर दुसरा थोडा फ्री मध्ये. पण ख, च, ज, झ, फ, ब ला सांभाळायचं, ते एकदम वेगळे. माझी बेबी लाइन काढते आणि म्हणते "आता आजीचं झालं", लाइन खोडते आणि म्हणते "आता मम्मीचं झालं".

शिरोरेखा
गुजू_सून, तुमचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. "आजीचं झालं, मम्मीचं झालं" हे मला ३१ वर्षांत सुचलं नाही. मी मुलांना गुजरातीतली अक्षरं मराठीच्या वहीत काढली म्हणून रागवायची. रेघ विसरलास म्हणून लाल पेन. आज वाईट वाटतंय.

सूरसागरकाठी
गिजुभाई आणि सयाजीराव दोघंही १९३९ मध्येच गेले. एका वर्षात मुलांसाठी झटणारी दोन माणसं गुजरातनं घालवली.

गणितवाला
भाषेचं आमच्याकडे पण तेच आहे पण मला वाटतं आधी एकच भाषा पक्की झाली पाहिजे, पाया कच्चा राहिला तर तिन्ही मजले डळमळतात, आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा तीन भाषांत बोलतो आणि तिन्हींत "वो, आ, ते, ऐसा" करत राहतो.

बारीतून
तो बडोद्याचा आहे, आपण सगळेच तसं बोलतो :)

गणितवाला
हे पण खरं.

रावपुरा_रिटर्न
थोडं विषयांतर, पण "भणवायचं" वरून आठवलं. आमची आजी शुद्ध कोकणातली, लग्न होऊन बडोद्याला आली आणि साठ वर्षांनी भाजीवाल्याशी मराठीत आणि आजोबांशी भांडताना गुजरातीत बोलायची. म्हणायची, गुजरातीत भांडलं की शब्द लागत नाहीत. यावर कोणीतरी पीएचडी करा.

लीलोचिवडो
विषयांतर चालू आहेच तर, रविवारी सकाळी सेव उसळ कुठे… नको, मारतील लोक.

कोठीपोळ
मूळ विषयावर या. (हे मी म्हणतोय, हे पण नोंद करा.)

माझ्या पहिल्या प्रतिसादात थोडी दुरुस्ती. काल थोरलीला फोनवर विचारलं, तुला वाचायची आवड कशी लागली, मी वाचून दाखवायचो म्हणून? तर म्हणाली, "नाही बाबा, तुम्ही वाचता वाचता झोपायचात आणि पुढं काय झालं ते कळायचं नाही, म्हणून मग मी स्वतः बघायला लागले." वीस वर्षं मी श्रेय घेत होतो.

शिरोरेखा
हाहा! गुजू_सूनच्या मिस्टरांना कळवा, त्यांची पद्धत सगळ्यात शास्त्रशुद्ध निघाली.

मांजलपूरकरीण
मंडळी, अडीच महिन्यांनी येतेय, माफ करा, मध्ये पोराला ताप, मग सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन. धागा खाली गेला असेल तरी लिहायचंच होतं.

डोळे तपासले, नंबर नाही निघाला. वाचून दाखवणं रोज चालू आहे, सासूबाई पलंगावर पडून असल्यामुळे त्या पण वाचतात, त्यांना पण कंपनी. मधे दोन आठवडे तर त्यांनीच वाचलं, मी हॉस्पिटल-घर करत होते.

तर झालं असं. गुजू_सूनचं वाचून मी फ्रिजवर खडूनं ग, म, न लिहून ठेवले होते, शिकवलं नाही काही, नुसतं लिहिलं. शाळेत गुजरातीत तीच अक्षरं चालू होती. एका रात्री आजी वाचत होती, "मग राजा म्हणाला", आणि हा एकदम पुस्तकावर बोट ठेवून ओरडला, "आजी, इथे मग लिहिलंय! मग म्हणजे मूग!" गुजरातीत मग म्हणजे मूग ना, पुस्तकात मुगाचं चित्र आहे त्यांच्या. मग काय विचारता. मूग राजा म्हणाला. मूग राणी रुसली. मूग कोल्हा पळाला. आजी आणि नातू दोघं इतके हसले की मी किचनमधून धावत आले, मला वाटलं पडल्या की काय.

त्या दिवसापासून तो प्रत्येक पानावर मूग शोधतो. आपल्या गोष्टींत "मग" किती वेळा येतं ते मला आत्ता कळतंय! एका गोष्टीत २३ निघाले. मूग शोधताना मधे मधे "मन" सापडलं, "नग" सापडला, "गमन" पण, अर्थ विचारला. "मगर" दिसली तेव्हा म्हणाला मुगाला शेपूट आलं. आम्ही शब्द पाळला, काही विचारत नाही. तोच विचारतो.

पूर्ण वाक्य अजून वाचत नाही. कंटाळा आला की पुस्तक फेकून आजीला "तू वाच" म्हणतो. फोनवरचं क्रिकेट पण चालूच आहे. शाळेच्या बेनना मी काही सांगितलं नाही, पुढच्या मीटिंगला बघू.

पाटीपेन्सिल
"मुगाला शेपूट आलं" :) अहो, त्यानं र वेगळा ओळखला की! फ्रिजवर र पण लिहून टाका.

गुजू_सून
माझ्या डोळ्यात पाणी आलं. मग ची खिचडी करून खाऊ घाला त्याला.

लीलोचिवडो
राजाची खिचडी केली बिचाऱ्याच्या.

सूरसागरकाठी
लायब्ररीत नेलंत का?

मांजलपूरकरीण
नाही ना काका, आजींचं ऑपरेशन झालं मध्येच. त्याला भुताचं सांगून बसलेय मात्र, रोज विचारतो कधी जायचं. रविवारी उघडी असते का? नाहीतर शनिवारी शाळा सुटल्यावर थेट नेते. बरं, जाते, आतून हाक येतेय, आजींचा चष्मा सापडत नाहीये आणि गोष्ट अर्धी राहिलीय.